रागागणिक बदलणारी तार

मैफलीत यमन संपतो, पुढे मालकंस गायचा असतो, आणि मधल्या वेळात तंबोऱ्याची पहिली तार उतरवून नव्याने जुळवली जाते. कार्यक्रमापूर्वी ज्या वाद्यावर एवढी मेहनत घेतली गेली ते तासाभरात बेसूर कसे झाले, असा प्रश्न श्रोत्याला पडतो, आणि पेटी मात्र कोणत्याही रागाला जशीच्या तशी चालते हे पाहिल्यावर तो प्रश्न अधिकच बोचू लागतो. वस्तुतः तार बेसूर झालेली नसते. यमनापुरती ती अचूकच असते, परंतु मालकंसात तिची ती अचूकताच आड येते. सतारवादकाला तर एका रागातून दुसऱ्या रागात जाताना डझनभर बारीक तारांच्या खुंट्या पिळाव्या लागतात, आणि अमेरिकेतील पेडल स्टील गिटारचा वादक हेच काम गाण्याच्या मध्यावर, स्वर वाजत असतानाच, पायाने उरकतो. एका गाण्यापुरती तार बदलण्याच्या या खटाटोपामागे श्रवणाचा आणि यंत्रशास्त्राचा जो व्यवहार आहे, तो समजून घेण्यास सातारा-सांगलीचा मुलूख विशेष सोयीचा आहे, कारण या व्यवहारातील बहुतेक सर्व वाद्ये येथे एक तर वाजतात किंवा घडतात.

आवाजासाठी आणि गाण्यासाठी

प्रथम दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत टाळली पाहिजे. सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या परिसरात, किंबहुना साऱ्या माणदेशात, गोंधळ घालणाऱ्या गोंधळ्याच्या साथीदाराकडे जे तुणतुणे असते त्याला एकच तार असते. लहानशा लाकडी नळकांड्याच्या तळाला चामडे मढवलेले असते, चामड्याच्या मध्यातून निघालेली तार बाजूला ठोकलेल्या दांडीवरच्या खुंटीला गुंडाळलेली असते, आणि गाणाऱ्याचा आवाज त्या रात्री जिथे सहज लागेल तिथे ती खुंटी पिळून तार आणली जाते. येथे बदलते ती केवळ पट्टी, म्हणजे ज्या उंचीवर षड्ज धरायचा ती उंची. एकच तार असल्यामुळे दुसऱ्या कोणत्या तारेशी तिचे नाते बिघडण्याचा किंवा जुळण्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि म्हणून गोंधळातील पद कोणत्याही चालीचे असले तरी तुणतुण्याला त्याची दखल घ्यावी लागत नाही.

तंबोऱ्याला चार तारा असतात आणि तेथून खरी गुंतागुंत सुरू होते. मधल्या दोन तारा, ज्यांना जोडीच्या तारा म्हणतात, मध्य षड्जात मिळवतात. शेवटची पितळी तार खर्जाची, म्हणजे त्याच्या निम्म्या कंपनसंख्येच्या मंद्र षड्जाची असते. आणि पहिली तार बहुधा मंद्र पंचमात ठेवतात. कंपनसंख्या म्हणजे तार एका सेकंदात किती वेळा हेलकावते तो आकडा. पट्टी बदलायची असेल तर चारही तारा सारख्याच प्रमाणात वरखाली कराव्या लागतात. राग बदलल्यामुळे होणारी जुळवणी मात्र एकाच तारेची असते आणि तीत उरलेल्या तारांशी असलेले तिचे नाते मुद्दाम बदलले जाते. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

एका तारेतले अनेक स्वर

ताणलेली तार छेडली असता ती एकसंध हलते, आणि त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार, पाच आणि त्याहून अधिक समान भागांतही हलत असते. प्रत्येक भाग जितका आखूड तितकी त्याची कंपने जलद असल्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे मंद स्वरही निघतात. त्यांना उपस्वर म्हणतात. खर्जाच्या तारेतून पाचपट कंपनांचा जो शुद्ध गांधार ऐकू येतो, तो कोणीही वाजवलेला नसतो आणि म्हणूनच गायक त्याला स्वयंभू गांधार म्हणतात.

बहुतेक तंतुवाद्यांत हे उपस्वर झपाट्याने विरून जातात, पण तंबोऱ्यात ते टिकतात आणि झळाळतात, याचे कारण त्याच्या घोडीत आहे. घोडी म्हणजे तबलीवर, म्हणजे भोपळ्याला झाकणाऱ्या लाकडी पृष्ठावर, बसवलेला तो रुंद तुकडा ज्यावरून तारा जातात. तिचा माथा धारदार नसून किंचित बाकदार घासलेला असतो, त्यामुळे हलणारी तार प्रत्येक हेलकाव्यात त्या उतारावर टेकते आणि सुटते, आणि या सततच्या स्पर्शातून उच्च उपस्वरांना नव्याने ऊर्जा मिळत राहते. या घडणीला जवारी म्हणतात; तारेखाली सरकवलेल्या सुती किंवा रेशमी दोऱ्याने हा स्पर्श नेमका कुठे घडावा ते साधले जाते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात दाखवून दिले की, ज्या बिंदूवर छेडल्यास एखादा उपस्वर नियमाप्रमाणे उमटूच नये, तेथे छेडूनही तंबोऱ्यात तो स्पष्ट ऐकू येतो. तात्पर्य असे की तंबोऱ्याची एक तार लावणे म्हणजे एक स्वर लावणे नव्हे. तिच्याबरोबर तिचा अख्खा परिवार मैफलीत येऊन बसतो.

पंचमाचे काय करायचे

मध्य षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरण्याचा प्रघात संगीतविषयक मराठी पुस्तकांत आढळतो. प्रत्यक्ष गायकांच्या पट्ट्या वेगवेगळ्या असल्या तरी हिशेबाला हा आकडा सोपा आहे.

> चौकट : पहिली तार कोणता परिवार आणते?
> (मध्य षड्ज = २४० कंपने)
>
> पंचमात लावल्यास १८० कंपने. तिप्पट ५४०, म्हणजे शुद्ध रिषभ. पाचपट ९००, म्हणजे शुद्ध निषाद.
>
> मध्यमात लावल्यास १६० कंपने. तिप्पट ४८०, म्हणजे तार षड्ज. पाचपट ८००, म्हणजे शुद्ध धैवत.
>
> निषादात लावल्यास २२५ कंपने. तिप्पट ६७५, म्हणजे तीव्र मध्यम. पाचपट ११२५, जो शुद्ध रिषभ आणि कोमल गांधार यांच्या दरम्यान लोंबकळतो.

यमनात पंचम आहे, शुद्ध रिषभ आहे आणि शुद्ध निषाद तर त्याचा प्राणस्वर आहे. म्हणजे पंचमाच्या तारेचा सगळा परिवार त्या रागात घरचाच ठरतो. मालकंसात मात्र षड्ज, कोमल गांधार, मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद एवढेच स्वर आहेत. पंचमाची तार तशीच ठेवली तर वर्ज्य पंचम, वर्ज्य रिषभ आणि विरोधी शुद्ध निषाद असे तीन पाहुणे एकदम रागात शिरतात, आणि गायक कोमल निषादावर स्थिरावू पाहत असता त्याच्या कानाशी शुद्ध निषाद गुणगुणत राहतो. तीच तार मध्यमात उतरवली की तिचा तिप्पट उपस्वर थेट षड्जावर येऊन बसतो, आणि मध्यम, जो मालकंसाचा वादी म्हणजे प्रमुख स्वर आहे, त्याला भक्कम आधार मिळतो. पूरियात आणि मारव्यात पंचम वर्ज्यच असल्यामुळे तार निषादात चढवण्याची प्रथा आहे. या रागांना आवश्यक असलेला तीव्र मध्यम निषादाच्या तारेतून आपोआप झिरपतो, हे चौकटीतील आकड्यांवरून ध्यानात येईल.

हा हिशेब सर्वत्र चोख बसतो असे मात्र समजू नये. मध्यमाच्या तारेतून निघणारा शुद्ध धैवत बागेश्रीला हवाच असतो, पण मालकंसाला तो परका आहे. आणि खर्जातून येणारा स्वयंभू शुद्ध गांधार तर कोमल गांधाराच्या प्रत्येक रागात उपराच असतो, तरी त्याला हाकलण्याची सोय कोणत्याही खुंटीत नाही, कारण षड्ज काढून टाकता येत नाही. जुळवणीने विसंगती नाहीशी होत नाही, ती सोसण्याजोगी होते, एवढेच म्हणणे न्याय्य ठरेल. कोणत्या रागाला कोणती तार हेही सर्वस्वी ठरलेले नाही. ललितासारख्या दोन्ही मध्यमांच्या रागात शुद्ध मध्यम लावण्याकडे कल असतो, पण घराण्यागणिक आणि गायकागणिक मतभेद आढळतात.

खुंटी, मणी आणि ताण

म्हसवडच्या दक्षिणेस सांगली जिल्ह्यातील मिरज येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंबोरे आणि सतारी घडत आल्या आहेत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी या व्यवसायाचा पाया घातला, त्यांच्या वंशजांचे सतारमेकर हे आडनावच झाले, आणि म्हसवडच्या पूर्वेस पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात पिकणारा कडू भोपळा या वाद्यांच्या पोटासाठी वापरला जातो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कारागिराला हे वाद्य घडवतानाच लक्षात ठेवावे लागते की त्याची पहिली तार आयुष्यभर एका ताणावर राहणार नाही.

तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे स्वर दुप्पट उंच करायचा तर ताण चौपट करावा लागतो. या नियमाने पंचमावरून मध्यमावर येताना, १८० वरून १६० कंपनांवर, ताण सुमारे २१ टक्क्यांनी घटवावा लागतो. पंचमावरून निषादावर जाताना मात्र तो तब्बल ५६ टक्क्यांनी वाढवावा लागतो. इतक्या ताणाने तार तुटेल अशी भीती वाटते, पण येथे एक अनपेक्षित गोष्ट आड येते. एकाच धातूची आणि एकाच लांबीची तार जाड असो वा बारीक, ती जवळपास एकाच स्वराला तुटते, कारण जाड तारेला ताण जास्त लागत असला तरी तो सोसणारा छेदही तेवढाच मोठा असतो. शेजारची पोलादी जोडी २४० कंपनांवर सुखरूप असेल तर पहिली पोलादी तार २२५ वर तुटण्याचे कारण नाही. पहिली तार पितळेची किंवा काशाची असेल, जशी खालच्या पट्टीच्या मर्दानी तंबोऱ्यात असू शकते, तर मात्र धोका खरा असतो, कारण हे धातू पोलादापेक्षा जड आणि कमजोर आहेत.

तुटण्यापेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे. चारही तारांचा दाब घोडीमार्फत एकाच तबलीवर येतो. एका तारेचा ताण सैल केला की तबली अणुमात्र वर येते, त्यामुळे बाकीच्या तारा किंचित चढतात. ताण वाढवला की त्या उतरतात. म्हणून पहिली तार बदलल्यावर जोडी आणि खर्ज पुन्हा तपासावे लागतात. शिवाय वरच्या टोकाला तार ज्या आडव्या तुकड्यावरून वळते तेथे घर्षणामुळे ती अडकून राहते आणि गाणे सुरू झाल्यावर मध्येच सरकते. यावर वादकांचा उपाय असा की तार हव्या त्या स्वराच्या खाली नेऊन मग वर चढवत आणायची आणि बोटाने दाबून बसवायची. बारीकसारीक फरक खुंटीने साधत नाही. त्यासाठी घोडीच्या पलीकडे प्रत्येक तारेत एक मणी ओवलेला असतो, तो खाली सरकवला की तार उचलली जाऊन स्वर थोडा चढतो. मात्र मण्याचा पल्ला एका अर्धस्वराइतकाही नसतो, त्यामुळे रागासाठी करायचा बदल खुंटीवर आणि त्याची सफाई मण्यावर अशी कामाची वाटणी झालेली आहे. ताण बदलला की तारेचा घोडीवरील स्पर्शही बदलतो, आणि जवारीचा दोरा पुन्हा केसभर हलवावा लागतो. ही सारी उठाठेव टाळण्यासाठी पाच किंवा सहा तारांचे तंबोरे निघाले, ज्यांत पंचमाबरोबर निषादाची वेगळी तार असते. एक तार वाढली, एक काम वाचले.

माणदेशासारख्या कोरड्या हवेत लाकडी खुंटी आकसून घसरते आणि पावसाळी हवेत ती फुगून जाम होते. खुंटीला खडू चोळण्याची जुनी रीत यातूनच आली आहे.

न छेडता वाजणाऱ्या तारा

सतारीत प्रश्न अनेक पटींनी वाढतो. पडद्यांखालून अकरा ते तेरा बारीक तारा गेलेल्या असतात, त्यांना तरफा म्हणतात. सारंगीत अशा तारा तिसाहून अधिक असतात. वादक त्या सहसा छेडत नाही. वरच्या तारेवर एखादा स्वर वाजला की ज्या तरफेची कंपनसंख्या त्याच्याशी जुळते ती आपोआप थरथरते आणि बाकीच्या गप्प राहतात. या घटनेला अनुनाद म्हणतात. म्हसवडमधील माणदेशी तरंग हे सामुदायिक केंद्र ९०.४ मेगाहर्ट्‌झवर प्रक्षेपण करते आणि घरातील रेडिओचा काटा नेमका तेथे आणला तरच ते ऐकू येते, जरी त्या क्षणी हवेत इतर अनेक केंद्रांच्या लहरी असल्या तरी. तरफ ही तशीच एका केंद्रावर लावून ठेवलेली ग्राहक आहे. फरक एवढाच की सतारीत असे डझनभर काटे एकाच वेळी लावावे लागतात, आणि राग बदलला की केंद्रेही बदलतात.

यमनात तरफा शुद्ध गांधार आणि तीव्र मध्यमावर असतात. त्यानंतर मालकंस घ्यायचा असेल तर गांधार, धैवत आणि निषादाच्या तरफा कोमल कराव्या लागतात, तीव्र मध्यमाची तार शुद्ध मध्यमावर न्यावी लागते, आणि रिषभ-पंचमाच्या तारांना रागातील दुसरे स्वर वाटून द्यावे लागतात. तसे न केल्यास वाद्य बेसूर होणार नाही, पण ते मुके होईल, कारण कोमल गांधार वाजला तरी त्याला साद देणारी तार उरलेली नसेल. काही वादकांनी हा विचार वरच्या तारांपर्यंत नेला. विलायत खाँ यांच्या सतारीत एक तार गांधारात लावलेली असे आणि रागाच्या गरजेप्रमाणे ती दुसऱ्या स्वरावर नेली जाई.

पेटीने या व्यवहारातून अंगच काढून घेतले आहे. तिच्या पितळी पट्ट्यांचे स्वर कारखान्यात ठरतात, तेही सप्तकाचे बारा समान भाग पाडून, त्यामुळे ती कोणत्याच रागाला पूर्णपणे अनुकूल नसते आणि कोणत्याच रागात फारशी अडतही नाही. ही तडजोड अनेकांना खुपली. अब्दुल करीम खाँ, ज्यांचे वास्तव्य मिरजेत होते आणि १९३७ साली निधनानंतर ज्यांचे दफनही मिरजेतच झाले, त्यांच्या गायनाच्या साहाय्याने कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेच्या लांब्या मोजून श्रुतींची, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांची, कोष्टके तयार केली आणि बावीस श्रुतींवरील आपले पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहभागाने श्रुतींची पेटीही बनली. ती रुळली नाही. श्रुतींची स्थाने देवल मानत तेवढी ठाम नसतात, गायक ती संदर्भाप्रमाणे हलवतो, असे पुढील मोजमापांतून दिसले. तारेला हे हलणे परवडते, पेटीच्या पितळी पट्टीला परवडत नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती कित्येक वर्षे टिकली.

पायाने बदलणारी तार

पेडल स्टील गिटार हे हवाई बेटांवरील आडव्या गिटारचे वंशज आहे. डाव्या हातातील पोलादी दांडी तारांवर सरकवून स्वर काढण्याची ती पद्धत भारतातही आली आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवले. दांडी सरळ असल्यामुळे ती सर्व तारा एकाच रेषेत छेदते, म्हणजे सर्व तारांचे परस्पर नाते जसेच्या तसे राहून फक्त पट्टी बदलते. तुणतुण्याची मर्यादाच येथे दहा तारांना लागू होते. ती ओलांडण्यासाठी वाद्याच्या पोटाखाली सळया बसवून त्या पायातील पेडलांना आणि गुडघ्याने ढकलायच्या दांड्यांना जोडल्या गेल्या. पेडल दाबले की निवडक तारेचे टोक धरून ठेवणारा आकडा फिरतो, ताण वाढतो, आणि आकडा एका ठरलेल्या आडकाठीला टेकला की स्वर थांबतो. पाय उचलला की तो मूळ जागी परततो. १९५४ साली गाजलेल्या वेब पीअर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी स्वर वाजत असताना पेडल दाबले, आणि तार चढताना ऐकू येणे हाच या वाद्याचा स्वभाव ठरला.

प्रचलित जुळवणीतील पहिली दोन पेडले आपल्या परिभाषेत सहज सांगता येतात. एक पेडल पंचमाला धैवतावर नेते, दुसरे गांधाराला मध्यमावर नेते. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प या स्वरसमूहाचा सा-म-ध होतो, आणि मध्यमाला षड्ज मानून पाहिले तर तो पुन्हा सा-ग-प हाच निघतो. म्हणजे दांडी जागची न हलवता केवळ पायाने वादक मध्यमाच्या घरात पोहोचतो. पंचमाची तार धैवतावर न्यायला सुमारे २३ टक्के आणि गांधाराची मध्यमावर न्यायला सुमारे १४ टक्के जादा ताण लागतो, आणि तो क्षणार्धात द्यावा लागतो.

मिरजेच्या तबलीचा नियम येथेही सुटत नाही. पेडल दाबले की वाद्याचा सांगाडा कणभर वाकतो आणि ज्या तारांना हातही लावलेला नाही त्या किंचित उतरतात. चांगल्या बनावटीच्या वाद्यात हा दोष कमी असतो, शून्य नसतो. शिवाय एखाद्या गाण्याला असा स्वर हवा असतो जो कोणत्याच पेडलात नाही, आणि तेव्हा या यांत्रिक वाद्याचा वादकही खुंटीकडेच वळतो. पण त्याचे काम तंबोरेवाल्यापेक्षा अवघड असते, कारण खुंटीने मोकळ्या तारेचा स्वर बदलला की पेडल दाबल्यावर येणारा तिचा स्वरही चळतो, आणि मोकळा स्वर खुंटीवर लावून झाला की दाबलेला स्वर दुसऱ्या टोकाच्या चकतीवर वेगळा लावावा लागतो. गाणे संपले की हेच सारे उलट्या क्रमाने करायचे असते.

दक्षिण महाराष्ट्रात रेणुका-यल्लम्माचे जोगती जे चौंडके वाजवतात, त्यात ही तत्त्वे सळयांवाचून आढळतात. चामड्यातून निघालेली तात डाव्या हाताने कमीअधिक ताणत उजव्या हाताने छेडली जाते आणि स्वर वाजता वाजता चढतो-उतरतो. आडकाठी नसल्यामुळे तो कुठे थांबायचा हे त्यात केवळ वाजवणाऱ्याच्या मुठीवर आणि कानावर असते.